चंद्रकोरीचा पट्टा

“पट्टा काढ,” मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं, मी कुणीतरी ओळखीतला आहे आणि चेष्टा करतोय. हातात चहाचा ग्लास, अंगात नवाकोरा पांढरा शर्ट, नीट आत खोचलेला, भांग पाडलेला, आणि कमरेला माझा पट्टा. अनंत चतुर्दशीची दुपार होती. इचलकरंजीतले सगळे माग बंद होते. गणपतीच्या मिरवणुका निघाल्या होत्या, ताशांनी कान फुटायची वेळ आली होती, आणि चौकातल्या चहाच्या गाड्याभोवती सुट्टी मिळालेले माग-कामगार ठेवणीतले कपडे घालून उभे होते.

“कुठला पट्टा, भाऊ?” त्यानं विचारलं.

“कमरेचा. माझा आहे तो.”

माझ्या शेजारी माझा मित्र भूपाल उभा होता. तो कानात म्हणाला, “श्रेणिक, नक्की तोच हाय काय? बघ बाबा.”

मी बघितलं. बक्कलाच्या डाव्या अंगाला, चामड्यावर, बोटाच्या पेराएवढी काळसर चंद्रकोर. वर तोंड करून. हा पट्टा मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

आता तो माझा कसा, हे सांगायला हवं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि एका सूत-व्यापाऱ्याकडे कारकून होतो. पगार बेताचा आणि हौस दांडगी. माझं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते मी भूपालला दर दोन दिवसांनी ऐकवायचो. शर्ट काय, कुणीही शिवून घेतो. माणूस ओळखायचा तो पट्टा, पाकीट आणि घड्याळाची पट्टी यावरून. कोल्हापुरात काचेच्या दुकानात टांगलेले पट्टे मी तासन्‌तास बघत उभा राहिलोय. परवडायचा तो रेक्झिनचा. सहा महिन्यांत त्याच्या खपल्या निघायच्या आणि आतून पुठ्ठा बाहेर यायचा. खऱ्या चामड्याचा घ्यायचा तर महिनाभर उपाशी राहावं लागलं असतं.

मग कुणीतरी दत्तोबा सातपुत्यांचं नाव सांगितलं. दत्तोबा मागाला लागणारे चामड्याचे पट्टे करायचे. सूत घेऊन पळणारा धोटा इकडून तिकडे फेकणारे ते पट्टे दिवसाला हजारो हिसके खातात, त्यामुळे त्यांना हलकं चामडं चालतच नाही. त्यातून उरलेल्या लांब पट्ट्यांतून ते कधीमधी कमरेचे पट्टे शिवायचे. पाटी नाही, काच नाही. एका बोळात पत्र्याची खोली, आत चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, मेणाचा दोरा आणि चामड्याचा वास.

“कंबर किती?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तीस.”

“आता तीस हाय. लगीन झाल्यावर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“तेव्हा माझ्याकडं येऊ नगा मग. मी भोकं आत्ताच जास्त पाडतो.” आणि हसले. साठीचे होते, समोरचे दोन दात नव्हते.

त्यांनी चामड्याची एक पट्टी दोन्ही हातांत धरून, एक टोक पायाखाली दाबून असा हिसका दिला की मीच दचकलो. पट्टीला काही झालं नाही. “ह्या चामड्यावर माग चालतोय, मालक. तुमची प्यांट काय घिऊन बसलाय!”

मी भीत भीत विचारलं, “कशाचं आहे?”

दत्तोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मगदूम आडनाव मी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे जैनाचं पोर चामडं विकत घ्यायला आलंय हे त्यांना कळलं होतं. “रेड्याचं हाय. म्हातारा हून मेलेला. मारलेला न्हवं,” ते म्हणाले. “घाला बिनघोर.”

खरं असेल नसेल. मला तेवढंच ऐकायचं होतं.

भिंतीला दहा-बारा पट्ट्या लटकत होत्या. त्यातल्या एकीवर मला ती कोर दिसली. दत्तोबा म्हणाले, “ती नगा घिऊ. जनावर कवातरी आजारी पडलं आसंल, गावाकडं तापल्या सळईनं डाग देत्यात, त्यो डाग हाय. बिनडागाची दावतो.”

“नको. हीच पाहिजे.”

“डाग हाय वो.”

“म्हणूनच. असा पट्टा दुसऱ्या कुणाकडं असणार नाही.”

दत्तोबा काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात एक मुकादम तुटलेला पट्टा नाचवत आत आला, माग थांबलाय म्हणून ओरडायला लागला, आणि ते बोलणं राहिलं.

चार दिवसांनी पट्टा मिळाला. दोन सुयांनी दोन्हीकडून घातलेला टाका. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, असं दत्तोबा म्हणाले. ओतीव पितळेचं बक्कल, चांगलं जड. किंमत कोल्हापूरच्या रेक्झिनच्या पट्ट्याएवढीच. मी घरी आलो तो तरंगतच.

घरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदाच बघितलं. “चामडं सोप्यातच टांगायचं. आत आणायचं नाही,” एवढंच म्हणाले. आमच्या घरात आरसा होता तो दाढीचा, हातभर सुद्धा नाही. त्यात तोंड दिसायचं, कंबर दिसायची नाही. त्यामुळे मी माझा पट्टा मान खाली घालूनच बघायचो. चालताना बघायचो, गल्ल्यावर बसल्या बसल्या बघायचो. मालक एकदा म्हणाला, “श्रेणिक, पोटात दुखतंय काय रे?”

दोन महिने असे गेले आणि भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस रोज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा आणि प्रवचन. चामडं घालून आत जायचं नाही हा नियम. दाराबाहेर भिंतीला खुंट्या आहेत. कामावरून परस्पर येणारे लोक पट्टे आणि पाकिटं तिथं काढून ठेवतात. दुसऱ्या दिवशी मीही कामावरून तसाच आलो, पट्टा काढला, खुंटीला अडकवला, बक्कल भिंतीकडं केलं आणि आत गेलो. चातुर्मासासाठी गावात मुक्कामी असलेले महाराज त्या दिवशी प्रवचन द्यायला आले होते. विषय काय होता ते मला आठवत नाही. मांडी घालून पाय आखडले म्हणून मी अर्ध्यातच उठून बाहेर आलो.

खुंटी रिकामी होती.

बाकीच्या खुंट्याही रिकाम्या होत्या, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मला एकच खुंटी दिसली. मी दारात उभा राहून चपला सांभाळणाऱ्या बाईंना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, मी आत्ताच आले बाबा. बस्तीचे पुजारी, उपाध्ये, आत होते, त्यांना विचारायचं मला सुचलंच नाही, ना त्या दिवशी, ना पुढच्या. चोर शोधायचा असं एकदा डोक्यात बसलं की माणूस चोरालाच शोधतो, वस्तूला नाही. पुढचा आठवडाभर मी लोकांच्या तोंडाकडे बघितलं नाही, कमरेकडे बघत हिंडलो.

आणि अनंत चतुर्दशीला, त्या चहाच्या गाड्यावर, ती कोर मला दिसली.

“माझा पट्टा हाय ह्यो,” तो आता हसायचा थांबला होता. “इकत घेतलाय. दत्तोबा सातपुत्याकडनं. तीन म्हैने झालं.”

दत्तोबांचं नाव ऐकून मी चपापायला हवं होतं. पण माझं डोकं उलटंच फिरलं. चोरानं पट्टा तर चोरलाच, वर बनवणाऱ्याचं नावही काढून ठेवलंय!

“दत्तोबाचं नाव कुणी सांगितलं तुला?”

“सांगायचं काय त्यात? चला की त्यांच्याकडं. हितनं धा मिंटावर हाय. इचारू.”

दहा मिनिटं. आजही मी त्या चौकातून गेलो की पाय नकळत ती दहा मिनिटं मोजतात. भूपालसुद्धा म्हणाला, “चल, जाऊन येऊ.” मी म्हणालो, “चोर तो चोर आणि वर मला शहाणपणा शिकवतोय!” आणि त्याच्या तोंडात मारली.

ग्लास फुटला. चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. त्यानं आधी शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला छातीवर ढकललं. त्यानंतर मला आवरणारं कुणी राहिलं नाही.

“चोर आहे हा! बस्तीच्या दारातनं पट्टा चोरलाय!” मी ओरडलो.

एकदाच ओरडलो. पुढचं सगळं लोकांनी केलं. मिरवणूक बघायला आलेले लोक, गुलालानं माखलेले, कुणाला काही माहीत नाही, पण ‘चोर’ हा शब्द प्रत्येकाला कळतो. कुणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली. कुणीतरी केस धरले. त्याच्याबरोबरचे दोन कामगार आधी मध्ये पडले, मग चार तडाखे बसल्यावर बाजूला झाले. भूपालनं त्याचा दंड मागून धरला. सोडवायला धरला की मारायला, हे भूपालला आजतागायत सांगता आलेलं नाही.

मी बक्कल सोडवलं आणि पट्टा ओढला. पँटीला पट्टा अडकवायच्या दोन पट्ट्या टरकन फाटल्या. पँट खाली घसरली. भूपालनं हात सोडला तेव्हा त्या माणसानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर डाव्या हातानं पँट धरली. एवढा मार खातानासुद्धा त्यानं ती सोडली नाही. त्यामुळे अंग झाकायला त्याच्याकडे एकच हात उरला, उजवा.

मी पट्ट्याचं टोक मनगटाला गुंडाळलं. बक्कल सुटं ठेवलं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानाजवळ. कानामागून रक्त आलं आणि त्या नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं. तो “आई गंऽ” म्हणाला असावा. तोंड उघडलेलं दिसलं, आवाज ताशात गेला. तो गुडघ्यावर बसला. मी मारतच होतो. पाठीवर, मानेवर, लागेल तिथं. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटत होतं. आठवडाभर आत जे खदखदत होतं त्याला वाट मिळाली होती, आणि भोवतीचे लोक “हाण! हाण!” म्हणत होते. तो पट्टा हातात असा बसला होता की जणू त्यासाठीच शिवलाय. इतके फटके मारले, पण एक टाका उसवला नाही.

मग मी तोंडावर मारायला गेलो. त्यानं उजवा हात वर केला, पंजा पसरून. बक्कल सगळ्या वजनानिशी त्याच्या बोटांवर बसलं. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण पट्ट्यातून माझ्या हाताला कळलं. त्यानं हात खाली घेतला आणि बोटांकडे बघितलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं भलतीकडेच वळली होती. तो रडला नाही, ओरडलाही नाही. फक्त बघत राहिला.

बंदोबस्तावरचा एक हवालदार धावत आला. “विसर्जनाच्या दिवशी लफडी कराय लागलाय व्हय रं?” म्हणून त्यानं सगळ्यांना पिटाळलं. चोर म्हणून त्याचा मार खाऊन झाला होता, वस्तू मला मिळाली होती, हवालदाराच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं. दोन कामगारांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मी पट्टा नळाखाली धरून बक्कलावरचं रक्त धुतलं आणि घरी आलो.

त्या दिवशी माझा कडक उपास होता. आईनं विचारलं, “तोंड का असं लाल झालंय? उपास झेपला नाही काय?” मी म्हणालो, “झेपला.”

दोन दिवसांनी क्षमावणी आली. पर्व संपल्यावर आमच्यात सगळे एकमेकांपुढे हात जोडून वर्षभरातल्या कळत-नकळत चुकांची क्षमा मागतात. सकाळी बस्तीत गर्दी होती. सासू सुनेपुढे, व्यापारी गिऱ्हाइकापुढे, सगळे वाकत होते. मीही वाकत होतो. आप्पांपुढे वाकलो, मालकापुढे वाकलो, चपला सांभाळणाऱ्या बाईंची तर खास जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “जाऊ दे बाळा, पोरगा हाईस.” मला अगदी हलकं वाटलं.

तेवढ्यात उपाध्ये मागच्या खोलीतून एक पोतं ओढत बाहेर आले. “या, या! ज्याचं त्यानं ओळखून न्या,” ते म्हणाले. “दहा दिवस दारात चामडं नको म्हणून काढून ठेवलं होतं. त्या दिवशी प्रवचन संपल्यावर मी सांगितलंच होतं. निम्म्यांनी नेलं, निम्मे विसरले.”

पोत्यात पाकिटं होती, दोन घड्याळं होती, पाच-सहा पट्टे होते.

एकावर चंद्रकोर होती.

मी तो उचलला. बक्कल तेच. टाका तोच. मी दाढीच्या वस्तऱ्यानं आतल्या बाजूला कोरलेलं ‘श्रे’ तिथंच होतं. हे अक्षर मी स्वतः कोरलं होतं, आणि चहाच्या गाड्यावर पट्टा हातात आल्यावर तो उलटून बघायचं मला सुचलं नव्हतं. मारायच्या नादात होतो मी.

“श्रेणिक, काय झालं रे?” उपाध्यांनी विचारलं. मी तसाच बाहेर पडलो. घरी गेलो, सोप्यातल्या खुंटीवरचा दुसरा पट्टा घेतला आणि दत्तोबांच्या बोळात गेलो.

दत्तोबांना सगळं आधीच कळलं होतं. मी दारात दिसताच त्यांनी हातातली आरी खाली ठेवली. बसा म्हणाले नाहीत. मी दोन्ही पट्टे त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी ते फळीवर शेजारी शेजारी लावले. वर माझा, खाली त्या माणसाचा. कड कडेला भिडवली. माझ्या पट्ट्यावरची कोर खाली तोंड करून होती, त्याच्या पट्ट्यावरची वर. दोन्ही मिळून एक पुरा गोल झाला, रुपयाएवढा.

“एकाच डागाचं दोन तुकडं,” दत्तोबा म्हणाले. “रापी मधनं गेली. एक मारुतीनं नेला, म्हैन्यानं दुसरा तू. तवाच सांगणार हुतो तुला, की ह्याचा जोड गेलाय.”

इतके दिवस ते मला मालक म्हणायचे. आज पहिल्यांदाच अरेतुरेवर आले होते.

“पण माझी कोर वर तोंड करून होती, दत्तोबा. मी रोज बघायचो,” मी म्हणालो. म्हणताना मलाच माझी लाज वाटत होती, तरी म्हणालो.

“कुठनं बघायचास?”

“कुठनं म्हणजे? असा.” मी मान खाली घालून दाखवली.

“वरनं बघितलंस तर उलटीच दिसणार की. समोरनं तुझा पट्टा कसा दिसतो, ते दुसऱ्याला ठावं. तुला न्हाई.” त्यांनी मारुतीचा पट्टा गुंडाळला. बक्कलाच्या खाचेत काळं काहीतरी राहिलं होतं, ते त्यांनी आरीच्या टोकानं खरवडून काढलं. “मी बक्कल जड घातलं. मीच. म्हटलं पोरास्नी हौस हाय, जड बक्कल शोभंल.” आणि एकदम त्यांचा आवाज चढला. “धा मिंटं लागत्यात रं हितं यायला! त्यो बोलला हुता न्हवं तुला? धा मिंटं!”

मी मान खाली घालून उभा राहिलो.

“जा. त्याचा त्याला दिऊन ये. आणि परत माझ्या दारात येऊ नगंस.”

मारुती घुगरे जतकडचा. काम करायचा त्या कारखान्यामागच्या चाळीत एका खोलीत राहायचा. बायको मालन बाहेर चरख्यावर मागाच्या सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिच्या शेजारी दोरीवर तो पांढरा शर्ट वाळत होता. कॉलरवरचा डाग निघाला नव्हता. मी कोण हे तिला सांगावं लागलं नाही. माझ्या हातातले पट्टे बघूनच तिनं चरखा थांबवला.

“आता काय न्ह्यायचं राहिलंय?” ती म्हणाली.

मारुती आत खाटेवर बसला होता. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये. कानामागे टाके. एक डोळा सुजून मिटलेला. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून हात जोडले. सकाळपासून पन्नास जणांना म्हटलेले शब्द तोंडात तयार होते.

“कळत-नकळत माझ्याकडून जी चूक झाली तिची क्षमा करा.”

त्यानं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

“नकळत कोण म्हणतंय?” त्यानं विचारलं.

माझे जोडलेले हात खाली आले.

“डाक्टर काय म्हणला, ठावं हाय? दोन बोटं मिटायची न्हाईत म्हणला. मागावर तुटलेला धागा ह्याच बोटांनी जोडायचा असतो. दिसात शंभरदा. गाठ मारता येत न्हाई तो कसला माग-कामगार?” त्याचा आवाज शांत होता. त्यानंच मला जास्त भीती वाटली. “पगारातनं तेवढी एकच हौस केली हुती. म्हटलं सणाला पट्टा घालून मिरवणूक बघू.”

मी त्याचा पट्टा त्याच्यापुढे खाटेवर ठेवला. मग माझाही ठेवला. मग मी काय केलं ते ठरवून केलं नव्हतं. मी शर्ट काढला, उंबऱ्याच्या आत आलो, त्याच्याकडे पाठ केली आणि जमिनीवर बसलो.

“मारा,” मी म्हणालो. “मी मारलं तेवढं मारा. बक्कलानं मारा.”

मालन दारातून म्हणाली, “अवो, नगा—”

“तू गप,” मारुती म्हणाला.

खाट करकरली. तो उठला होता. पट्टा उचलल्याचा, बक्कल लोंबल्याचा आवाज झाला. मी डोळे मिटले. पहिला फटका बसला तो पाठीवर आडवा, चामड्याच्या बाजूनं. मग दुसरा. मग बक्कल बसलं, बरगडीवर, आणि माझा श्वास अडकला. मी म्हणालो, “अजून.” त्यानं आणखी मारले. पण प्रत्येक फटका आधीच्यापेक्षा हलका होत गेला. एक नुसताच घसरून गेला. एक जमिनीवर पडला. मागे त्याचा श्वास जोरात चालला होता. मग पट्टा खाली पडला आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. चौकात एवढा मार खाताना जो रडला नव्हता, तो आता रडत होता.

“डाव्या हातानं बसंना,” तो म्हणाला. “बसंना वो डाव्या हातानं.”

मी वळून बघितलं. तो प्लॅस्टरमधला उजवा हात छातीशी धरून उभा होता.

“असलं नगं मला,” तो म्हणाला. “उजव्या हातानं मारीन तवा फिटंल. हात बरा झाला की या. तवर क्षमा न्हाई.”

मी माझा शर्ट घेतला. माझा पट्टा मी तिथंच सोडला. त्यानं तो उचलून माझ्यामागे अंगणात फेकला. मालननं तो गटारीत ढकलला आणि पुन्हा चरख्यापाशी बसली.

हात बरा झाला नाही. मारुती मागावर परत गेला नाही, एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या, दारावर राखणदार झाला. आप्पांनी माझ्या नकळत जाऊन त्याच्याशी भरपाईची बोलणी केली, त्यानं त्यांनाही तेच सांगितलं. मी तेव्हापासून पट्टा घातलेला नाही. नाडीचा पायजमा घालतो. लोकांना वाटतं, वयानं साधेपणा आला.

या गोष्टीला तेहेतीस वर्षं झाली. दर क्षमावणीला बस्तीतून बाहेर पडलो की मी आधी त्या चाळीत जातो. मालन आता नाही. मारुतीच दार उघडतो. केस पांढरे झालेत, पण शर्ट आत खोचलेला असतो आणि कमरेला तोच पट्टा असतो. एक टाका उसवलेला नाही. समोरून बघितलं की कोर वर तोंड करून दिसते. मी हात जोडतो. तो उजवा हात माझ्यापुढे धरतो आणि मूठ वळायला लागतो. अंगठा वळतो, करंगळी वळते, तिच्या शेजारचं बोट वळतं. ती दोन तशीच ताठ राहतात. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत थांबतो. दरवर्षी मला वाटतं, यंदा वळतील.

“अजून न्हाई,” तो म्हणतो, आणि दार लावून घेतो.